हवालदार पदावरून निवृत्त झालेल्या वडिलांची पेन्शन, फेटाळलेला अपंगत्वाचा दावा आणि आईचा हक्क

सातारा जिल्ह्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील १९८१ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि २२ वर्षांची सेवा करून २००३ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने उच्च रक्तदाबापोटी ३० टक्के अपंगत्व कायमस्वरूपी नोंदवले होते, परंतु अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा पुढे फेटाळण्यात आला. पेन्शन आता बँकेकडून ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीकडे गेली आहे. आईचे नाव पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, एक आणि आधार कार्डावर थोडे वेगळे आहे. धाकटी बहीण विधवा होऊन माहेरी राहते आणि पुतण्या अग्निवीर म्हणून भरती झाला आहे. वडिलांना मिळते ती रक्कम बरोबर आहे का, अपंगत्वाचा दावा इतक्या वर्षांनी करता येईल का आणि वडिलांच्या पश्चात आईला व बहिणीला काय मिळेल, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्नात आईच्या नावाचा उल्लेख ओघात आला आहे, पण मी सुरुवात तिथूनच करणार आहे. पेन्शनची रक्कम कमी बसली असेल तर ती पुढेही दुरुस्त होते आणि थकबाकीही मिळते. पत्नीच्या नावातील किंवा जन्मतारखेतील तफावत मात्र सैनिक हयात असताना काही आठवड्यांत निस्तरता येते आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच कामासाठी त्याच्या विधवेला महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. गेली अनेक वर्षे मी माजी सैनिकांची पेन्शनची प्रकरणे हाताळतो आहे आणि अडलेल्या कुटुंब निवृत्तिवेतनांमागे मला सर्वाधिक वेळा आढळलेले कारण हेच आहे. मूळ नियुक्तीच्या वेळी युनिटच्या लिपिकाने ऐकून लिहिलेले नाव, लग्नानंतर बदललेले नाव, ‘बाई’ किंवा ‘ताई’ जोडलेले नाव आणि अंदाजाने टाकलेली जन्मतारीख अशा चुका आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत घरोघरी सापडतात.

दुरुस्तीचे काम बँकेचे नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील रेकॉर्ड ऑफिसचे आहे. वडिलांच्या सहीचा अर्ज, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आईचे आधार व पॅन कार्ड, लग्नाचा उपलब्ध पुरावा, पीपीओची आणि डिस्चार्ज बुकातील कुटुंबाच्या पानाची प्रत एवढे कागद घेऊन प्रथम साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे आणि त्यांच्यामार्फत प्रकरण रेकॉर्ड ऑफिसला पाठवावे. तिथे नोंद बदलल्यावर दुरुस्तीचा पीपीओ, ज्याला आपण कॉर पीपीओ म्हणतो, निघतो आणि ‘स्पर्श’मध्ये तो दिसू लागतो. तो डोळ्यांनी पाहीपर्यंत काम झाले असे समजू नये. आईची जन्मतारीखही याच वेळी तपासून घ्यावी, कारण वयाच्या ८० व्या वर्षापासून निवृत्तिवेतनधारकाला आणि कुटुंब निवृत्तिवेतनधारकालाही मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते. पुढे ती ८५ व्या वर्षी ३०, ९० व्या वर्षी ४०, ९५ व्या वर्षी ५० आणि १०० व्या वर्षी १०० टक्के होते. जन्मतारखेची नोंदच नसेल तर ही वाढ आपोआप सुरू होत नाही आणि पंच्याऐंशीच्या घरातील कित्येक वीरमातांना व वीरपत्नींना ती केवळ एवढ्याच कारणाने मिळालेली नसते. बँक खाते वडील आणि आई यांच्या संयुक्त नावाने असावे, म्हणजे नंतर कुटुंब निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा करता येते.

आता आईला काय मिळेल ते पाहू. निवृत्त सैनिकाचा सर्वसाधारण कारणाने मृत्यू झाला तर पत्नीला सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्याचा नेहमीचा दर शेवटच्या गणनीय वेतनाच्या (पेन्शनसाठी हिशेबात धरल्या जाणाऱ्या पगाराच्या) ३० टक्के असतो. परंतु सुरुवातीचा काही काळ वाढीव दर, म्हणजे ५० टक्के, लागू होतो. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास हा वाढीव दर मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून सात वर्षे किंवा मृत सैनिकाने वयाची ६७ वर्षे पूर्ण केली असती त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. आपल्या वडिलांचे वय आज ६३ आहे असे धरले, तर आईला वाढीव दर फार तर चार वर्षे मिळेल आणि त्यांनी ६७ पार केल्यावर पहिल्या दिवसापासून ३० टक्क्यांचा दरच लागू होईल. सेवेत असताना मृत्यू झाल्यास वाढीव दर वयाची अट न लावता दहा वर्षे मिळतो. त्यासाठी पूर्वी सात वर्षे सलग सेवेची अट होती, ती १ ऑक्टोबर २०१९ पासून काढून टाकण्यात आली.

सैनिकी सेवेमुळे ओढवलेल्या किंवा बळावलेल्या कारणाने मृत्यू झाल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के दराने मिळते आणि युद्धात किंवा शत्रूविरुद्धच्या कारवाईत मृत्यू आल्यास उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे गणनीय वेतनाइतकी पूर्ण रक्कम, मिळते. आपल्या प्रकरणात हा भाग आज लागू नाही, पण वडिलांचा रक्तदाबाचा विकार सेवेशी संबंधित असल्याचे मान्य झाले आणि पुढे त्याच विकारामुळे काही बरेवाईट घडले, तर आईचा दावा सामान्य दराचा की विशेष दराचा हा प्रश्न उभा राहू शकतो. अपंगत्वाच्या दाव्याकडे मी गंभीरपणे पाहायला सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

वडील सैन्यातून आल्यावर दुसऱ्या सरकारी नोकरीत लागले असतील आणि तिथेही निवृत्तिवेतन असेल, तर आईने दोन्हींपैकी एकच निवडावे असे कोणी सांगितल्यास ते ऐकू नये. पूर्वी तसा नियम होता, परंतु २४ सप्टेंबर २०१२ पासून सैनिकी सेवेचे आणि नागरी सेवेचे अशी दोन्ही कुटुंब निवृत्तिवेतने घेता येतात.

बहिणीचा हक्क आईच्या नंतर येतो. आई हयात असेपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन तिचेच असते. तिच्या पश्चात २५ वर्षांखालील अविवाहित मुले पात्र असतात, आणि तसे कोणी नसेल तर अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला २५ वर्षांच्या पुढेही ते मिळू शकते. तिचे मासिक उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे ९,००० रुपये आणि त्यावरील महागाई दिलासा, यापेक्षा कमी असले पाहिजे आणि तिने पुनर्विवाह केलेला नसावा. आईवडिलांपैकी किमान एक जण हयात असताना तिला वैधव्य आलेले असणे आवश्यक आहे आणि आपल्या बहिणीच्या बाबतीत ती अट पूर्ण होते. तिचे नाव वडिलांच्या हयातीतच कुटुंबाच्या तपशिलात नोंदवून घ्यावे. तिच्या पतीच्या मृत्यूचा दाखला, ती माहेरी राहत असल्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला जपून ठेवावा. अनेक घरांत मुलीचे लग्न झाले म्हणजे तिचा संबंध संपला असे मानून भाऊच तिचे नाव कळवत नाहीत. आपण तिच्यासाठी आवर्जून विचारले याचे मला मनापासून समाधान वाटले.

वडिलांची आजची रक्कम बरोबर आहे का, हे मी येथे बसून सांगू शकत नाही, पण आपल्याला ते स्वतः पडताळता येईल. समान पद, समान निवृत्तिवेतन म्हणजे वन रँक वन पेन्शनचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. त्यासाठी २०१३ या वर्षी त्याच पदावरून, तितक्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांच्या किमान आणि कमाल निवृत्तिवेतनाची सरासरी काढण्यात आली. जुन्या निवृत्तांना त्या सरासरीपर्यंत आणण्यात आले आणि ज्यांना आधीच अधिक मिळत होते त्यांची रक्कम तशीच ठेवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्च २०२२ च्या निकालात हे धोरण वैध ठरवले आणि दर पाच वर्षांची फेररचना १ जुलै २०१९ पासून करण्याचा आदेश दिला. त्यानंतरची फेररचना १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. म्हणजे वडिलांच्या पेन्शनमध्ये २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन टप्प्यांवर बदल दिसला पाहिजे किंवा मूळ रक्कमच सरासरीपेक्षा जास्त असल्याचे कारण तरी दिसले पाहिजे.

या तक्त्यांत रक्कम शोधताना पद, पगाराचा गट आणि अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, या तीन गोष्टी लागतात. सेवा अर्ध्या वर्षाच्या टप्प्याने मोजलेली असते. त्यामुळे पीपीओवर वडिलांची सेवा २२ वर्षांऐवजी २१ वर्षे अशी चुकून उतरली असेल किंवा बँकेकडून ‘स्पर्श’कडे माहिती जाताना गट चुकला असेल, तर रक्कम दरमहा कमी पडत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. डिस्चार्ज बुकातील भरतीची व निवृत्तीची तारीख, पीपीओवरील सेवा आणि ‘स्पर्श’वरील नोंद या तिन्ही समोरासमोर ठेवून पाहाव्यात. वडिलांना हवालदार म्हणून निवृत्त होताना किंवा नंतर मानद नायब सुभेदार हे पद मिळाले होते का, तेही पाहा. मिळाले असेल तर १ जानेवारी २००६ पासून निवृत्तिवेतन नायब सुभेदार पदाप्रमाणे ठरायला हवे. २००६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना हा लाभ न्यायालयीन लढ्यानंतरच मिळाला, त्यामुळे त्यांच्यापैकी काहींच्या कागदांत तो अजूनही उतरलेला नसतो.

त्याच बैठकीत कम्युटेशनची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतल्याची, तारीख तपासावी. वडील निवृत्त झाले तेव्हा जवानांना निवृत्तिवेतनाच्या ४५ टक्क्यांपर्यंत भाग विकता येत असे, आता ही मर्यादा ५० टक्के आहे. विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०१८ च्या सुमारास कपात थांबलेली असली पाहिजे. पासबुकात त्या वर्षापूर्वीची आणि नंतरची रक्कम पाहिली की ते लगेच कळते. महागाई दिलासा मात्र कपात होण्यापूर्वीच्या संपूर्ण मूळ निवृत्तिवेतनावर मोजला जातो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आता अपंगत्वाच्या दाव्याकडे येतो, आणि येथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण याच बाबतीत सर्वाधिक सैनिकांनी निराश होऊन हक्क सोडून दिलेला आहे. मुदत पूर्ण करून पण कमी वैद्यकीय श्रेणीत निवृत्त झालेल्या सैनिकाला, त्याचे अपंगत्व २० टक्के किंवा अधिक असेल आणि ते सेवेमुळे उद्भवलेले अथवा सेवेत बळावलेले असेल, तर सेवा निवृत्तिवेतनाशिवाय अपंगत्वाचा घटक स्वतंत्रपणे मिळतो. वडिलांच्या वेळी १९८२ चे पात्रता नियम लागू होते. त्या काळात असे दावे ‘हा आजार सेवेशी संबंधित नाही’ एवढ्या एका छापील वाक्याने सर्रास फेटाळले जात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात असे ठरवले की, भरतीच्या वेळी वैद्यकीय नोंदीत आजाराचा उल्लेख नसेल आणि नंतर सैनिक आजारी पडला, तर आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरले पाहिजे आणि तसे नसल्याचे कारणांसह सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. पुढे १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यात नेण्याचा लाभ देण्यात आला. त्यानुसार ५० पेक्षा कमी टक्के अपंगत्व ५० धरले जाते, ५० ते ७५ मधील ७५ आणि त्यावरील १०० धरले जाते.

रकमेत याचा फरक किती पडतो, ते समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. एखाद्या हवालदाराचे मूळ वेतन ४०,४०० रुपये आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० रुपये, मिळून गणनीय वेतन ४५,६०० रुपये असेल, तर त्याचे सेवा निवृत्तिवेतन निम्मे, म्हणजे २२,८०० रुपये होते. शंभर टक्के अपंगत्वाला गणनीय वेतनाच्या ३० टक्के असा घटकाचा दर आहे. त्यामुळे ३० टक्के अपंगत्वाला ४,१०४ रुपये येतात, पण टक्केवारी ५० धरली की तोच घटक ६,८४० रुपये होतो आणि त्यावर महागाई दिलासा वेगळा मिळतो. ही रक्कम दरमहा आणि हयातभर मिळायची असते. गावाकडे राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या औषधपाण्याला ती पुरेशी ठरते.

पहिले पाऊल म्हणजे कागद मिळवणे. माहिती अधिकाराखाली रेकॉर्ड ऑफिसकडे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत, दावा फेटाळल्याचे पत्र आणि भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची नोंद मागावी. त्यात एक गोष्ट बारकाईने पाहावी: मंडळाने स्वतःच आजार सेवेशी संबंधित नाही असे म्हटले होते, की मंडळाने तो सेवेमुळे बळावला असे लिहूनही पुढे पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाने ते मत फिरवले होते. दुसरी स्थिती असेल तर आपली बाजू फार भक्कम आहे, कारण रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता मंडळाचे मत बदलता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच मोहिंदर सिंग या सॅपरच्या प्रकरणात म्हटले आहे. पहिली स्थिती असेल तरी निराश होऊ नये. मंडळाने कारणे दिली आहेत की नुसता शिक्का मारला आहे, वडील त्या आधीच्या वर्षांत कोणत्या ठिकाणी तैनात होते, अतिउंचीवर किंवा दहशतवादग्रस्त भागात किती काळ होते, हे सर्व मांडता येते.

कागद हाती आल्यावर प्रशासकीय अपील करावे आणि ते नाकारले गेल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करावा. महाराष्ट्र आणि गोव्यातील सैनिकांसाठी हेच खंडपीठ आहे. विलंबाची भीती बाळगू नये. निवृत्तिवेतन कमी मिळणे ही दरमहा नव्याने घडणारी हानी असल्यामुळे जुना दावाही ऐकला जातो. मात्र थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तर्सेम सिंग यांच्या प्रकरणात सांगितले आहे. वरच्या टप्प्याच्या टक्केवारीपोटी थकबाकी किती काळाची मागता येईल, याबाबत अर्ज लिहिताना वकिलाकडून ताजी स्थिती विचारून घ्यावी. उशीर करण्याचा तोटा इतकाच, पण तो मोठा आहे: प्रत्येक गेलेल्या महिन्याबरोबर मागचा एक महिना गळतो.

२१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या पात्रतेचे नवे नियम आले आहेत. त्यांचा हवाला देऊन कोणी ‘आता रक्तदाबाला काही मिळत नाही’ असे सांगेल. वडील २००३ साली निवृत्त झाले आहेत आणि त्यांचे प्रकरण त्या वेळच्या नियमांनीच तपासले पाहिजे, हे ठामपणे सांगावे. शंभर टक्के निकाल लावून देतो म्हणून थकबाकीत टक्का मागणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि न्यायाधिकरणातही विधी साहाय्य मिळू शकते.

‘स्पर्श’बाबत थोडेसे. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो आणि मोबाइलवरून किंवा सेवा केंद्रातून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, देताना वाटप करणारी संस्था म्हणून जुन्या बँकेचे नव्हे, तर ‘स्पर्श’चे नाव निवडावे लागते. केंद्रातील मुलगा सवयीने बँक निवडतो, दाखला भलतीकडे जातो आणि दोन महिन्यांनी पेन्शन थांबते. त्यामुळे पावती हातात घेऊन तेवढी ओळ तिथेच वाचावी. नोंदींतील चुकीसाठी ‘स्पर्श’वर तक्रार नोंदवता येते. दाद न मिळाल्यास संरक्षण मंत्रालयाच्या रक्षा पेन्शन समाधान आयोजनात प्रकरण मांडावे. ओटीपी मात्र फोनवर कोणालाही सांगू नये, समोरचा स्वतःला लेखा कार्यालयातील अधिकारी म्हणवत असला तरीही. वडिलांच्या पश्चात मृत्यूची माहिती ताबडतोब ‘स्पर्श’वर कळवावी, कारण नंतर जमा झालेली रक्कम आईच्या निवृत्तिवेतनातूनच वसूल केली जाते.

शेवटी पुतण्याविषयी. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रीय नोकरीत आलेल्या नागरी कर्मचाऱ्यांना नवी अंशदायी योजना लागू झाली, पण सशस्त्र दले तिच्या बाहेर राहिली. म्हणून नियमित भरती झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या आणि अधिकाऱ्याला २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर पूर्वीसारखेच निवृत्तिवेतन मिळते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील चार वर्षांच्या सेवेला मात्र निवृत्तिवेतनही नाही आणि उपदानही (ग्रॅच्युइटी) नाही. चार वर्षांनंतर सेवानिधीची रक्कम मिळते, ज्यातील निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला असतो. प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम केले जातात, त्यांना पुढे किमान १५ वर्षे सेवा करावी लागते आणि नियमित जवानांच्या अटी त्यांना लागू होतात. माझ्या मते चार वर्षे सीमेवर उभ्या राहणाऱ्या मुलाला किमान उपदानाचा तरी हक्क असायला हवा. तोवर पुतण्याने नामनिर्देशन, विम्याचे कागद आणि प्रत्येक वैद्यकीय नोंदीची प्रत पहिल्या वर्षापासून स्वतःजवळ ठेवावी, कारण सेवेत दुखापत झाल्यास त्याच्या भरपाईचा दावा त्या कागदांवरच उभा राहील.